कॅम्बरच्या नावाखाली 21,540 रुपये

पुण्याजवळ महामार्गालगतच्या एका टायरच्या दुकानात आमच्या हॅचबॅकचं जे बिल झालं, ते आधी जसंच्या तसं वाचा. व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) 600. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर झुकाव) करेक्शन चार चाकांचं, प्रत्येकी 900, म्हणजे 3,600. बॅलन्सिंग 400. बॅलन्सिंगची वजनं 185 ग्रॅम, ग्रॅमला 4 रुपये दराने 740. नायट्रोजन 200. टाय रॉड एंडची (स्टेअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांडीच्या टोकाच्या सांध्याची) जोडी 1,700. लोअर आर्म (चाक खालून गाडीच्या सांगाड्याला जोडणारा भाग) दोन, 4,800. टायर दोन, 8,300. मजुरी 1,200. एकूण 21,540 रुपये. यात खरी गरज होती पुढच्या दोन टायरची, त्यांच्या बॅलन्सिंगची आणि 600 रुपयांच्या अलाइनमेंटची. ती अलाइनमेंटसुद्धा झालीच नाही. बाकीचं सगळं लुबाडणं होतं.

पद्धत नेहमीचीच. हवा भरायला थांबलात की एक पोरगा खाली वाकतो, टायरवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "काका, टायर एका बाजूने खाल्लंय, कॅम्बर गेलाय." मग गाडी रॅम्पवर. पडद्यावर लाल आकडे. "असंच नेलं आणि टायर फुटलं तर आमची जबाबदारी नाही हं." पुढे लांबचा प्रवास असतो, गाडीत घरची माणसं असतात. समृद्धी महामार्गावर झिजलेल्या टायरच्या गाड्या प्रवेशावरच अडवल्या गेल्या, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. अशा वेळी लाल आकडा बघून पैसे देणारा माणूस मूर्ख नसतो. त्याला घाबरवलेलं असतं, आणि घाबरवणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

जीव जळतो तो एका कागदामुळे. अलाइनमेंटच्या यंत्रातून निघालेला आधी-नंतरचा कागद पैसे देण्यापूर्वी हातात होता आणि चोरी त्यावरच छापलेली होती. पुढचं डावं चाक, आधीचा कॅम्बर उणे 2 अंश 10 मिनिटं (60 मिनिटांचा एक अंश). उजवं, उणे 1 अंश 55 मिनिटं. उणे कॅम्बर म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला. असं चाक टायरची आतली कड खातं. आमच्या दोन्ही टायरची बाहेरची कड गेली होती! कागद म्हणत होता एक आणि शेजारी पडलेलं टायर दाखवत होतं बरोबर उलट. दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर होते. ज्याला हे माहीत आहे, त्याने तिथंच पाकीट खिशात ठेवलं असतं.

दुसरी गोष्ट वेळेची. "आधी"च्या मोजणीवर 11:42 छापलेलं, "नंतर"च्या मोजणीवर 11:53. या अकरा मिनिटांत म्हणे चार चाकांचा कॅम्बर सुधारला, दोन लोअर आर्म बदलले आणि दोन टाय रॉड एंड बसवले. नीट काम करणाऱ्या मेकॅनिकला एक लोअर आर्म उतरवून दुसरा चढवायलाच अर्धा-पाऊण तास लागतो.

आणि तिसरी, सगळ्यात निर्लज्ज. मागच्या चाकांच्या कॅम्बरचेही 1,800 रुपये लावले. स्विफ्ट, बलेनो, आय-20 यांसारख्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो, दोन चाकांना जोडणारी एकच तुळई. तिचा कॅम्बर आणि टो (वरून पाहता चाकं समोर आत की बाहेर वळलेली आहेत ते) कारखान्यातच ठरतो. फिरवायला बोल्टच नसतो. बदलायचाच तर हब आणि बीमच्या मध्ये पातळ शिम (पत्र्याची चकती) घालावी लागते आणि त्यासाठी हब उतरवावा लागतो. आमच्या मागच्या चाकांचे नटसुद्धा कोणी सैल केले नव्हते.

पुढेही तेच. या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरचा एकत्र उभा खांब) असतो आणि त्यात कंपनीने ठेवलेली सोय एकच, टो. कॅम्बर आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे झुकाव) हलवायची सोयच नाही. कॅम्बर खरोखर बिघडला असेल तर काहीतरी वाकलंय: स्ट्रट, नकल (चाकाचा हब धरणारा भाग), लोअर आर्म किंवा सबफ्रेम (हे सगळं जिथं जोडलेलं असतं ती खालची चौकट). वाकलेला भाग शोधून बदलणं हाच उपाय. दुकानात जे "कॅम्बर करेक्शन" होतं, त्यात हायड्रॉलिक जॅकचा आकडा अडकवून स्ट्रट किंवा नकल जोर लावून वाकवतात. त्याने स्ट्रटची नळी तिरकी होते, आतला रॉड घासतो, सील जातं, बेअरिंग आवाज करू लागतं. आमच्या गाडीला तो जॅक लागला नाही, पैसे मात्र लागले.

मग पडद्यावर लाल आकडा आला कुठून? यंत्र खोटं नसतं, त्याला खोटं खायला घालतात. यंत्राचा सेन्सर धरून रिमवर बसणाऱ्या क्लॅम्पचा एक पंजा नीट टेकवला नाही की झालं. 14 इंची रिमवर वर-खाली 6 मिमीचा फरक पडला तर कॅम्बर सुमारे एक अंश चुकतो. ही चूक निघून जावी म्हणूनच चाक फिरवून रन-आउट कॉम्पेन्सेशन, म्हणजे क्लॅम्पच्या किंवा रिमच्या तिरकेपणाची चूक वजा करणं, करायचं असतं. ते गाळलं की हवा तेवढा लाल आकडा मिळतो, आणि नंतर क्लॅम्प नीट बसवला की तोच आकडा हिरवा. कधी यादीतून भलतंच मॉडेल निवडतात, म्हणजे मर्यादाच बदलतात. पडद्यावर तुमच्या गाडीचं नाव, व्हेरियंट आणि वर्ष लिहिलंय का, ते आधी बघा.

खरी अलाइनमेंट कशी होते ते माहीत असू द्या. आधी चारही टायरची हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याइतकी. मग बॉल जॉइंट, टाय रॉड आणि बेअरिंगची ढिलाई तपासणं. पुढची चाकं फिरत्या टर्नटेबलवर. क्लॅम्प, मग रन-आउट. ब्रेक पेडल दाबून धरणारी दांडी, स्टेअरिंग सरळ करून लॉक. मग टाय रॉडचा लॉक नट सैल करून दोन्ही बाजूंना जुळवून टो, नट आवळणं आणि पुन्हा मोजणी. कोणताही सुटा भाग बदलला तर अलाइनमेंट त्यानंतर. आधी केलेली वाया.

ढिलाई दाखवण्याची लबाडी तर फारच चालते. चाक उचलून घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी धरून हलवतात, चाक हलतं, "बघा टाय रॉड गेला." स्टेअरिंग मोकळं असेल तर चाक हलणारच, कारण सगळं रॅक (स्टेअरिंगची आडवी दांडी) हलतं. एकाला स्टेअरिंग घट्ट धरून बसवा, मग हलवा. टाय रॉड एंडच्या सांध्यावर बोट ठेवा. ढिलाई असेल तर बोटाला खट् लागते. 12 आणि 6 च्या जागी हलवल्यावर खेळ आला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. आमचे "नवे" लोअर आर्म खालून पाहिले तर जुनेच निघाले, वर काळा स्प्रे मारलेला. बोल्टच्या डोक्यावर पान्याची एक ताजी खूण नाही आणि बुशच्या रबरात जुन्या भेगा तशाच. काढलेले भाग मागितल्यावर "भंगारात गेले" असं उत्तर मिळालं होतं. काढलेला भाग हातात मिळाल्याशिवाय त्याचा एक रुपयाही देऊ नका.

बॅलन्सिंगच्या 185 ग्रॅमचं गणित असं. रिमवरची जुनी वजनं काढायची, रिमच्या आतला चिखल खरवडायचा, यंत्रावर शून्य धरायचं आणि मग लागेल तेवढं वजन लावायचं. यांनी जुनी वजनं ठेवून समोरासमोर नवी लावली. एकमेकांना खाणारी वजनं, ग्रॅमला चार रुपये. एका चाकाला 60 ग्रॅमच्या वर मागितलं तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा तपासायला सांगा, बहुतेकदा निम्म्यावर येतं.

टायर साडेतीन वर्षं जुने निघाले. बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर 0921, म्हणजे 2021 चा नववा आठवडा. हा पूर्ण कोड बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतो आणि यांनी नेमकी ती बाजू आत घालून बसवली. टायर रिमवर चढण्याआधी कोडचा फोटो काढा. नंतर गाडीखाली झोपावं लागतं.

दुसऱ्या सेंटरमध्ये 500 रुपये देऊन मोजलं. पुढचा कॅम्बर दोन्हीकडे मर्यादेत. एकूण टो-इन, म्हणजे चाकं समोरून आत वळलेली असणं, 6 मिमी. हेच बाहेरच्या कडा खाण्याचं कारण होतं आणि पहिल्या दुकानाने त्याला हातही लावला नव्हता. एका चाकाचा टो 3 मिमी चुकला तर दर किलोमीटरला ते चाक सुमारे 5 मीटर आडवं घासतं. नव्या 8,300 च्या टायरचीही तीच गत झाली असती.

तक्रार करायला गेलात तर काय ऐकायला मिळतं? दुकानदार म्हणतो, "यंत्र दाखवतं ते आम्ही सांगतो." ज्या टायर कंपनीचा भला मोठा फलक दुकानावर लटकतोय, तिच्या ग्राहक सेवेचं उत्तर, "तो स्वतंत्र विक्रेता आहे." मग फलक कशाला लावू दिला? लोक त्या फलकाकडे बघूनच आत शिरतात! पोलीस चौकीत लिहूनसुद्धा घेतलं नाही. "पैसे तुम्ही स्वतः दिलेत, ही दिवाणी बाब आहे." न लागलेल्या भागाचे पैसे खोटं सांगून घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? वजनमापांच्या कार्यालयात सांगितलं, हे यंत्र आमच्याकडे येत नाही. पेट्रोल पंपाच्या मापाची दरवर्षी पडताळणी होते आणि ज्या यंत्राच्या आकड्यावर लोक हजारो रुपये मोजतात, ज्यावर गाडी रस्त्यावर सरळ राहणार की नाही हे ठरतं, त्याला विचारणारा कोणी नाही. परिवहन कार्यालय म्हणतं, आम्ही गाडी बघतो, दुकान नाही. टायरची नक्षी 1.6 मिमीच्या खाली गेली की दंड मात्र गाडीमालकालाच. प्रत्येक टेबलावरचा माणूस पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो आणि तोवर त्याच रॅम्पवर पुढची गाडी चढलेली असते.

दुकानात शिरण्याआधी फुकटात होणाऱ्या तपासण्या करा. टायरवरून तळहात बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना करवतीसारखं टोचलं तर टो-इन जास्त. उलट असेल तर टो-आउट. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग. गाडी ओढते म्हणून लगेच अलाइनमेंट नको, पुढची दोन टायर डावी-उजवी बदलून बघा (बाणाचं चिन्ह असलेली दिशादर्शक टायर सोडून). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. आपल्या रस्त्यांना डावीकडे उतार असतो, त्यामुळे हात सोडल्यावर गाडी किंचित डावीकडे जाणं हा बिघाड नाही, आणि हेच "दाखवून" पैसे काढतात. टो किती आहे याचा अंदाज घरीही येतो. सपाट जागी स्टेअरिंग सरळ ठेवून पुढच्या दोन्ही टायरच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर, खडूने खूण करा आणि अंतर मोजा. गाडी पुढे ढकलून खुणा समोर त्याच उंचीवर आणा, पुन्हा मोजा. समोरचं अंतर जेवढं कमी तेवढा टो-इन.

कच्चं बिल घेऊ नका. जीएसटी क्रमांक असलेलं, प्रत्येक भाग वेगळा लिहिलेलं बिल मागा. बिल नाकारणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे यूपीआयने द्या. यंत्राचा कागद घेतल्याशिवाय निघू नका. तो उष्णतेने छापलेल्या कागदावर असेल तर लगेच फोटो काढा, काही महिन्यांत अक्षरं उडतात. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. आमच्या तक्रारीला 21,540 चं बिल, 11:42 आणि 11:53 चा कागद, दुसऱ्या सेंटरची मोजणी, स्प्रे मारलेल्या लोअर आर्मचे फोटो आणि 0921 चा फोटो जोडला आहे.