काळे न पडणारे तेल

चंद्रपूर जिल्ह्यात मूल आणि सिंदेवाही यांच्या मधल्या गावांत मी स्लॅब टाकण्यासाठी मिक्सर मशीन भाड्याने देतो. मशीनवर एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे आणि हँडल मारून सुरू होणारे डिझेल इंजिन आहे. गेल्या उन्हाळ्यात बनावट ऑइलमुळे हे इंजिन ऐन कामात जाम झाले. ऑइलच्या ग्रेडबाबत मी अडाणी नव्हतो, हे आधीच सांगतो, कारण त्याच माहितीच्या भरवशावर मी फसलो.

इंजिनाच्या पुस्तिकेत १५ डब्ल्यू ४० हा ग्रेड आणि डिझेल इंजिनासाठीचा, म्हणजे 'सी' अक्षराने सुरू होणारा दर्जा सांगितलेला आहे. 'एस' अक्षराचे ऑइल पेट्रोल इंजिनासाठी असते. १५ हा आकडा थंड इंजिनात तेल कसे वाहील ते सांगतो, तर ४० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती घट्ट राहील त्यासाठी असतो. त्यामुळे आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी पुस्तिकेतला ग्रेड सोडून आणखी घट्ट तेल घेण्याचे काही कारण नसते, हे मी गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांनाही समजावून सांगत असे.

मार्च महिन्यात तालुक्याच्या गावी एका दुकानात मला नामांकित कंपनीची १० लिटरची बादली छापील किमतीपेक्षा लिटरमागे ९० रुपये कमी भावाने मिळाली. बादलीवर १५ डब्ल्यू ४० आणि सीआय-४ असे स्पष्ट छापलेले होते. मी तेवढेच वाचले. पॅकिंगचा महिना आणि बॅच क्रमांक जिथे असायला हवा तिथे पुसट डाग होता, तो गाडीत घासल्याने पडला असावा असे मी मानले. बिल मागितले तेव्हा दुकानदार म्हणाला, "भाऊ, पक्कं बिल पाहिजे असन तर जीएसटी लागते, मंग हा भाव नाही राहत." छापील कमाल किमतीत सगळे कर आधीच धरलेले असतात, ही साधी गोष्ट त्या वेळी माझ्या ध्यानात आली नाही, किंवा ९०० रुपये वाचत असल्याने मी ती येऊ दिली नाही.

जुने ऑइल काढून नवे भरले आणि इथून पुढे मला जे चांगले वाटत गेले, तेच खरे तर धोक्याचे होते. आठ दिवस काम झाले तरी ऑइलच्या काडीवर तेल जवळजवळ मधाच्या रंगाचेच दिसत होते. पूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच ते काळे होई. मी खूश झालो आणि दोन ओळखीच्या मिक्सरवाल्यांना काडी काढून दाखवलीही. डिझेल इंजिनातले चांगले ऑइल काळे पडते, कारण त्यातील रसायने जळणाची काजळी धुऊन तेलातच तरंगत ठेवतात आणि ती ऑइल बदलताना बाहेर जाते. तेल स्वच्छच राहिले, तर काजळी आत कुठेतरी बसत आहे असा त्याचा अर्थ होतो. हे मला पुढे, इंजिन उघडल्यावर कळले.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका घरकुलाचा स्लॅब चालू होता. मृगाच्या आधी स्लॅब उरकण्याची सगळ्यांचीच घाई असते. निम्म्याहून अधिक माल वर गेला असताना इंजिनातून निळसर धूर निघू लागला, मग ठोके ऐकू आले आणि पाच मिनिटांत इंजिन जागीच बसले. हँडल तसूभरही फिरेना. स्लॅब अर्ध्यावर थांबला तर जुन्या आणि नव्या काँक्रीटच्या सांध्यातून पुढे पाणी झिरपते, त्यामुळे दुसरे मशीन येईपर्यंत मजुरांनी फावड्याने माल कालवला. घरमालक मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

मेकॅनिकने इंजिन खोलले तेव्हा तळाशी काळ्या चिखलाचा थर होता, रिंगा खाचांत चिकटल्या होत्या आणि बेअरिंग क्रँकला घासून निघाले होते. बादलीतल्या उरलेल्या तेलाचे दोन थेंब त्याने तापलेल्या पत्र्यावर टाकले, तर ते तडतडले, म्हणजे तेलात पाणी होते. (ही परीक्षा फक्त पाणी ओळखते. तेल तडतडले नाही म्हणून ते अस्सल ठरत नाही.) त्याच्या मते ते जळके, म्हणजे इंजिनात वापरून काढलेले ऑइल गाळून, रंग उतरवून जुन्या बादलीत भरलेले होते. पिस्टन, लायनर, रिंगा, बेअरिंग आणि क्रँकचे ग्राइंडिंग मिळून १८,४०० रुपये लागले आणि हंगामातले अठरा दिवस बुडाले.

दुकानदाराने बादली आपल्या दुकानातली असल्याचेच नाकारले. ओळखीच्या वकिलांनी सांगितले की, स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूबद्दलही ग्राहक म्हणून तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पण खरेदी सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हते, पैसेसुद्धा मी रोख दिले होते.

आता मी बादली घेताना आधी झाकणाचे सील पाहतो, मग पॅकिंगचा महिना, बॅच क्रमांक आणि छापील किंमत स्पष्ट आहेत का ते पाहतो, बिलावर बॅच क्रमांक लिहून घेतो आणि पैसे मोबाइलवरूनच देतो. प्रत्येक बादलीतले पावशेर तेल काचेच्या बाटलीत चिठ्ठी लावून ठेवतो. तेल दोन दिवसांत काळे पडले की मनाला बरे वाटते.

एक गोष्ट मात्र लिहायला जड जाते. कंपनीच्या रिकाम्या बादल्या इतकी वर्षे मीच भंगारवाल्याला विकत आलो, आणि सेंट्रिंगच्या प्लेटांना लावून उरलेले जळके ऑइलही त्यालाच दिले. आता मी रिकाम्या बादलीच्या तळाला खिळ्याने चार भोके पाडतो. मागच्या महिन्यात तो आला, त्याने बादली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "काहून भोकं पाडली भाऊ? याचे आता पैसे नाही भेटत."