चेहरा नसलेला वन्सलर
अमेरिकी बालसाहित्यिक डॉ. स्यूस यांचं १९७१ सालचं ‘द लोरॅक्स’ हे यमकांतलं इंग्रजी चित्रपुस्तक मी माझ्या सात वर्षांच्या लेकीला रोज रात्री मराठीत सांगत वाचते. यमकं हरवतात, त्याची चुटपुट लागते. पण चित्रं! ट्रफुला नावाची काल्पनिक झाडं तोडणाऱ्या वन्सलरचा चेहरा कुठेच दिसत नाही, दिसतात फक्त हिरवे हात. लेक म्हणाली, "आई, मग तो कुणीही असू शकतो ना?" मी गप्पच झाले.

झाडं तुटत जातात तसे आधी अस्वलासारखे प्राणी तिथून निघून जातात, मग हंस, मग मासे. माशांचं पान ती उलटूच देत नाही. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी जरूर घ्या, मात्र शेजारी बसून वाचा.

रविवारी भांडुपच्या खाडीकडे गेलो. चिखलातून वर आलेली तिवरांची श्वासमुळं ती उकिडवी बसून मोजत होती.