खंबाटकी उतरल्यावरचं छोटं गॅरेज: 22 हजारांचं काम 280 च्या टोपणात

आधी सांगतो, हे गॅरेज दिसायला काहीच नाही, पत्र्याची शेड, समोर दोन जुने टायर आणि एक बाकडं. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट उतरल्यावर वेळे आणि सुरूरच्या मधे डाव्या हाताला आहे. मी मुद्दाम शोधत गेलो नव्हतो, गाडीनेच नेलं.

गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक. दोन महिने हाच त्रास, सपाटीला इंजिनच्या तापमानाचा काटा निम्म्यावर आणि घाट लागला की वर वर. पुण्यातल्या माझ्या नेहमीच्या गॅरेजने आधी फॅनची मोटर बदलली (4800), फरक शून्य, मग म्हणाले हेड गॅस्केट (इंजिनातलं पाणी, ऑईल आणि जळालेला गॅस एकमेकांत जाऊ न देणारं पॅकिंग) गेलंय, 22 हजार धरून चाला. का गेलं, कशावरून, तर "अनुभव आहे साहेब". मी पण रेडिएटरला जोडलेल्या बाटलीत कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) बघायचो, मॅक्सच्या वरच असायचं, म्हणून म्हटलं कूलंट तर आहे, मग गॅस्केटच असणार.

मे महिना, दुपारी एक, मागच्या सीटवर सासूबाई, कराडला बारसं. अर्ध्या घाटात काटा लालच्या जवळ. एसी बंद केला, काचा खाली आणि हीटर फुल, त्या उन्हात हीटर लावल्यावर सासूबाई काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही. वर जागा मिळाल्यावर थांबलो, काटा खाली आल्यावर हळूहळू उतरलो आणि पहिलं गॅरेज दिसलं तिथे घुसलो.

मी बॉनेट उघडून रेडिएटरच्या टोपणाला हात लावणार तेवढ्यात मिस्त्री ओरडले, "दादा हात काढा! तोंडावर येईल सगळं. थंड हुं द्या तिला." पाऊण तास काहीच केलं नाही त्यांनी, सासूबाईंना "काकू, सावलीत बसा" म्हणून पंख्याखाली खुर्ची दिली आणि स्वतः दुसऱ्या गाडीखाली गेले. मला राग येत होता खरं तर.

मग टोपण उघडलं आणि मला बोलावून दाखवलं, बाटली काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा, वरून पाणी दिसतच नव्हतं! जवळजवळ दीड लिटर बसलं. टोपणाची दोन्ही रबरं कडक होऊन तडकलेली, नखाने तुकडा निघाला. म्हणाले, "कुकरची रिंग गेली की शिट्टी होती का? तसंच हे." टोपणावर 1.1 (बार) छापलेलं असतं, तेवढा दाब त्याने धरायचा, म्हणजे साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 120 च्या आसपास उकळतं. दाब सुटला की कूलंट बाटलीत जातं, आणि इंजिन गार झालं की ते परत रेडिएटरमधे ओढलं जायला पाहिजे, माझ्या गाडीत त्याच्या जागी हवा ओढली जात होती. म्हणजे मी दोन महिने चुकीच्या जागी बघत होतो.

गॅस्केटचं पण तिथेच बघितलं. डिपस्टिकवर ऑईल स्वच्छ, दुधाळ नाही. टोपण न लावता गाडी चालू ठेवली, सुरुवातीला चार बुडबुडे आले ते आत अडकलेल्या हवेचे, नंतर पाणी शांत. वरचा पाईप गरम झाला, थोड्या वेळाने खालचा, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडतोय. शेवटी फॅन आपोआप लागला. वॉटर बॉडी म्हणजे कूलंट फिरवणारा पंप, त्याच्याखाली बोट फिरवलं, कोरडं. कुठे एक नट खोलला नाही.

टोपण 280, रेडीमेड कूलंट 750, मजुरी 300 सांगितली, मी 500 दिले. बोअरचं पाणी टाकू नका म्हणाले, क्षार बसतो.

तक्रारी आहेतच. बिल मागितल्यावर वहीचं पान फाडून दिलं, जुनं टोपण मागून घ्यावं लागलं, बायकांसाठी टॉयलेट नाही, आणि टोपण आणायला पोरगं मोटरसायकलवरून वाईला गेलं त्यात दीड तास गेला, बारशाला आम्ही जेवणाच्या शेवटच्या पंगतीला पोचलो. म्हणून साडेचार स्टार, पाच नाही.

त्यानंतर कराडहून परत आणि मग दोनदा महाबळेश्वर झालं, पसरणी घाटात एसी लावून, काटा हलला नाही. आता सकाळी गाडी गार असताना टोपण उघडून बघतो, काठापर्यंत भरलेलं असतं. पुण्याच्या गॅरेजमधून मात्र अजून फोन येतो, हेडचं काम कधी टाकताय म्हणून.