चाळीस वर्षांच्या पंपात बसलेली नवी रिंग

कृष्णाकाठच्या आमच्या उपसा सिंचन संस्थेने १९८४ साली किर्लोस्कर ब्रदर्सचे दोन स्प्लिट केस, म्हणजे मध्यावर दोन भागांत उघडणारे, पंप घेतले. त्यांपैकी एका पंपाच्या वेअर रिंगा, शाफ्ट स्लीव्ह (फिरत्या दांड्यावर बसवलेली नळी) आणि बेअरिंग आम्ही यंदाच्या मार्चमध्ये कंपनीच्या मूळ सुट्या भागांनी बदलली. पंपाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, पण सुट्या भागांविषयी सविस्तर कोणी लिहीत नाही. पाणीपुरवठा संस्था चालवणाऱ्यांचे निम्मे आयुष्य मात्र सुट्या भागांच्या मागेच जाते, म्हणून हा अनुभव लिहून ठेवत आहे.

ज्यांनी पंप उघडलेला पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फिरणारा इम्पेलर, म्हणजे पंपातले पात्यांचे चाक, पाण्याला दाब देऊन बाहेर लोटतो. त्यातले काही पाणी फटीतून पुन्हा शोषणाच्या बाजूला परतू पाहते, आणि ते अडवण्यासाठी इम्पेलरचे तोंड आणि केसिंग (पंपाचे बाहेरचे कवच) यांच्यामध्ये ब्राँझची एक कडी बसवलेली असते. तीच वेअर रिंग. नवी असताना तिथली फट पाव ते अर्धा मिलिमीटर असते. पावसाळ्यात नदीच्या गढूळ पाण्याबरोबर बारीक वाळू येते आणि ती वाळू ही कडी कानसेसारखी खात राहते. फट वाढली की मोटार पूर्वीइतकीच वीज घेते, पण वरच्या हौदात पडणारी धार बारीक होते. आमच्याकडे हे सर्वांत आधी कळते ते शेवटच्या चेंबरवरच्या, म्हणजे पाणी वाटपाच्या शेवटच्या टाकीवरच्या, सभासदांना, कारण पाळी संपत आली तरी त्यांचा ऊस अर्धाच भिजलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी याच पंपाला आम्ही बाजारातली रिंग बसवली होती. दुकानदाराने ती 'कंपनीचीच समजा' म्हणून दिली आणि घाई असल्यामुळे आम्हीही ती घेतली. धातू ब्राँझचा नव्हता, पितळी होता, आणि मापही एका बाजूला कमी भरत होते. एका हंगामात ती कडी सैल होऊन फिरू लागली, इम्पेलरच्या गळ्याला तिने चरे पाडले आणि ऐन चैत्रात पंप चार दिवस बंद राहिला. वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट नुकसान त्या चार दिवसांत झाले. एका सभासदाने सुकलेल्या लागणीचे कोंब आणून माझ्या टेबलावर ठेवले होते, ते मी विसरू शकत नाही.

या वेळी आम्ही अधिकृत विक्रेत्याकडे गेलो. त्यांनी रिंगेचे माप विचारलेच नाही. नेमप्लेटवरचे मॉडेल आणि पंपाचा अनुक्रमांक तेवढा विचारला, आणि त्यावरून कोणता भाग लागतो ते त्यांनीच काढले. भाग आल्यावर पंपाचे वरचे अर्धे केसिंग चेन पुलीने उचलले. स्प्लिट केस पंपाची हीच मोठी सोय आहे, कारण शोषणाचा आणि चढाचा पाइप जागचा न हलवता आतला सगळा रोटर उघडा पडतो. नवी रिंग बसवून आमच्या ऑपरेटरने फट मोजायच्या पातळ पात्यांचे फीलर गेज चारही बाजूंनी फिरवले, तेव्हा पाते सगळीकडे सारखेच घट्ट गेले. तो म्हणाला, "दादा, कानस लावायची गरजच पडली न्हाय." तीस वर्षे पंपघरात काढलेल्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी ओतलेल्या बिडाच्या केसिंगमध्ये आज घडवलेली कडी विनातक्रार बसते, याचा अर्थ ते ड्रॉइंग कोणीतरी जपले आहे, मापाची शिस्त पिढ्या बदलल्या तरी मोडलेली नाही आणि जुन्या गिऱ्हाइकाचे मॉडेल कागदावरून पुसून टाकलेले नाही. एखाद्या घराण्याचा उद्योग वाढला असे आपण म्हणतो, तेव्हा उलाढाल आणि कारखान्यांची संख्या मोजतो. माझ्या मते ती वाढ या कडीत अधिक स्पष्ट दिसते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंग ओळखण्यात दृष्टिदोष आडवा आला आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी तोच विषय शिकवला. १८८८ साली बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान काढले, त्यातून कडबा कापण्याची यंत्रे आली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे लागली. ज्या माणसाचे उत्पादन दोन वर्षे कोणी हातात घेत नाही, त्याला गिऱ्हाइकाच्या मनातली भीती आतून समजत असली पाहिजे. नांगराचा फाळ जमिनीत झिजतोच, आणि झिजलेल्या जागी बसणारा दुसरा फाळ मिळाला नाही तर लोखंडी नांगर म्हणजे शेतात पडलेले ओझे. झिजणाऱ्या वस्तूचा धंदा हा तिच्या सुट्या भागांचाही धंदा असतो, हे या घराला नांगरानेच शिकवले असावे असे मला वाटते.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आमच्या भागातल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. पलूस तालुक्यातल्या कितीतरी घरांत आजा, बाप आणि मुलगा असे तिघेही त्याच फाटकातून कामावर गेले आहेत. कुटुंबाच्या पिढ्या मोजताना कामगारांच्या या पिढ्याही मोजल्या पाहिजेत, कारण ओतकामातला हात पुस्तकातून येत नाही, तो शेजारी उभे राहूनच शिकावा लागतो.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली आणि १९२६ च्या सुमारास सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. दुसऱ्या पिढीने वडिलांच्या कारखान्याला नुसती कुंपणे घातली नाहीत. १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली आणि १९४६ मध्ये खडकीला ऑइल इंजिनांचा, तर बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. पंप, तो चालवणारे इंजिन, मोटार आणि हे सगळे घडवणारा लेथ, असा पूर्ण संच एकाच घराने बांधला. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचे मोठे नुकसान झाले आणि तरीही कारखाना पुन्हा उभा राहिला. सगळेच टिकले असेही नाही, हरिहरचे लेथ पुढे बंद झाले. त्या लेथांवर हात बसलेले टर्नर अजूनही त्यांची आठवण काढतात.

चौथ्या पिढीच्या काळात किर्लोस्कर ब्रदर्सने २००३ मध्ये इंग्लंडची एसपीपी पंप्स ही कंपनी घेतली. गुजरातेत सरदार सरोवराचे पाणी सौराष्ट्राकडे चढवणारे प्रचंड पंप याच कंपनीचे आहेत. कोइमतूरजवळ कणियूरला केवळ महिला चालवतात असा पंपांचा कारखाना आहे. २०१८ मध्ये थायलंडच्या गुहेत मुले अडकली, तेव्हा पाणी उपसण्यासाठी सल्ला द्यायला या कंपनीचे तज्ज्ञ गेले होते. त्या दिवसांत आमच्या पंपघरात रेडिओभोवती जमलेली माणसे मला आठवतात.

खरेदीदाराने एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. कुटुंबाची वाटणी झाली असून पंप करणारी किर्लोस्कर ब्रदर्स, इंजिने करणारी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि मोटारी करणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिक या आज वेगवेगळ्या कंपन्या आहेत. भावांमधला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला. शेतकऱ्याला त्या वादाशी कर्तव्य नाही, पण खोक्यावर नुसते आडनाव वाचून भाग घेऊ नये. नेमप्लेटवर कंपनीचे पूर्ण नाव वाचावे आणि भाग त्याच कंपनीचा मागावा. एवढे मोठे आडनाव सामान्य गिऱ्हाइकासमोर असे विभागलेले उभे राहावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

किमतीचे म्हणाल, तर मूळ रिंग आमच्या टर्नरने लेथवर काढून दिलेल्या रिंगेपेक्षा महाग पडते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उत्तम ब्राँझ ओतणारे आणि शतांश मिलिमीटरपर्यंत काम करणारे कारागीर आहेत, त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे आणि ग्लँडचे (शाफ्टभोवती पाण्याची गळती रोखणाऱ्या भागाचे) बोल्ट, कपलिंगची (मोटार आणि पंप जोडणाऱ्या भागाची) रबरे अशा वस्तू आम्ही तिथूनच घेतो. वेअर रिंग, स्लीव्ह आणि इम्पेलर या तीन गोष्टींत मात्र मी आता तडजोड करणार नाही. छोट्या विहिरीवर पाच एचपीचा मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र असलेला) चालवणाऱ्याने हा हिशेब वेगळा मांडला तरी चालेल, कारण त्याचा पंप एक दिवस थांबला तर एकाच घराचे पाणी थांबते. संस्थेच्या पंपावर दीडशे घरे अवलंबून असतात.

जुन्या मॉडेलचे भाग दुकानात तयार ठेवलेले नसतात, म्हणून पंप उघडण्याच्या महिनाभर आधी मागणी नोंदवावी. पंप जुळवल्यावर ग्लँडची दोरी फार आवळू नये, थेंब थेंब पाणी गळत राहिले पाहिजे, नाहीतर नवी स्लीव्हही तापून चरे धरते.

पंप सुरू केला त्या दिवशी वरच्या हौदावर सभासद आधीच जाऊन बसले होते. धार पूर्वीसारखी जाड पडली आणि शेवटच्या चेंबरवरून संध्याकाळी फोन आला, की पाळी वेळेत पुरली. दुसऱ्या पंपाच्या नेमप्लेटवरचा क्रमांक गंजाखाली दिसेनासा झाला होता. तो तारेच्या ब्रशने घासून वाचला आणि वहीत उतरवून घेतला आहे. पावसाळ्यानंतर त्याच्याही रिंगा मागवायच्या आहेत.