खणाच्या किचेन आणि पासपोर्ट वॉलेटसाठी जुकी मशीन घ्यावी का? माझा आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या ऑगस्टमध्ये जुकी, म्हणजे कारखान्यात असते तसली शिलाई मशीन घेतली, आता एप्रिल चालू आहे, म्हणजे आठ महिने झाले. घ्यायच्या आधी मी स्वतः मराठीत असं काही वाचायला मिळतंय का ते शोधत होते आणि जे मिळालं ते सगळं ब्लाऊज शिवणाऱ्यांसाठी होतं, पिशव्या-पाकिटंवाल्यांसाठी काहीच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी मी काय करते ते सांगते. पुण्यात घरूनच खण आणि कॅनव्हासच्या किचेन (चाव्या अडकवायच्या कापडी पट्ट्या), पासपोर्ट वॉलेट, छोटे पाऊच असं शिवते. तीन वर्षं घरगुती ऑटोमॅटिक मशीनवर काढली. ती बिचारी फॉल-पिको आणि उशांच्या अभ्र्यांसाठी बनलेली, तिच्यावर मी फोम, कॅनव्हास, अस्तर, चेन एकावर एक टाकून शिवायचे. शेवटी तिच्या आतला एक प्लास्टिकचा गिअर गेला आणि मेकॅनिक काका म्हणाले, ताई आता हिच्याकडून हे काम करून घेऊ नका. तेव्हा ही घेतली. याला सगळे जुकीच म्हणतात, माझ्या मशीनवर नाव दुसरंच आहे, पण सिंगल नीडल इंडस्ट्रियल मशीन सगळ्या साधारण एकाच घाटाच्या असतात त्यामुळे कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. टेबल, स्टँड, मोटर धरून साडेबावीस हजार पडले.

पहिला घोळ मोटरचा. दुकानदाराला मी तीन वेळा सांगितलेलं की सर्वो मोटर हवी, तो हो हो म्हणाला आणि घरी आली ती क्लच मोटर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्लच मोटर बटण चालू केलं की सतत फिरतच राहते, तुम्ही शिवा नाहीतर चहा प्या, तिचा घूं घूं आवाज चालूच, आणि पायडल जरा दाबलं की मशीन सुसाट. एक इंच रुंदीच्या पट्टीवर अशा मशीनने टीप मारायची म्हणजे गल्लीत ट्रक चालवण्यासारखं आहे. पहिल्या आठवड्यात मी अठरा किचेन वाया घालवल्या आणि एकदा सुई नखाला घासून गेली. महिनाभर फोनवर भांडून शेवटी वरचे साडेतीन हजार भरून सर्वो बसवून घेतली. सर्वोला स्पीड कमी करायचं बटण असतं आणि ती फक्त शिवताना फिरते, त्यामुळे रात्री अकरा वाजताही खालच्या मजल्यावरचे काका काही बोलत नाहीत (आधी बोलायचे, स्टँडच्या पायांखाली रबर टाकल्यावर आणखी फरक पडला). घेणार असाल तर बिलावर सर्वो असं लिहून घ्या, तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

दुसरं म्हणजे सुई. घरच्या ऑटोमॅटिकची सुई एका बाजूने चपटी असते, ती चुकीची बसतच नाही. हिची सुई वर पूर्ण गोल, DBx1 म्हणून मागायची, आणि ती कशीही बसते. लांब खाच डावीकडे यायला हवी आणि धागा डावीकडून उजवीकडे ओवायचा. मी पहिल्यांदा सवयीने समोरून ओवायला बसले, सुई फिरवून बसवली आणि मग दोन दिवस टाके सुटतायत, धागा तुटतोय, मी धाग्याचं टेन्शन घट्ट कर, सैल कर, बॉबिन केस काढ, परत घाल. मशीनच खराब निघाली असं समजून रडायचीच बाकी होते. मेकॅनिक काका आले, सुई पाव फेरा फिरवली, गेले. पैसे पण घेतले नाहीत!

आता मुद्द्याचं. वॉलेटसाठी ही मशीन एक नंबर आहे. कॅनव्हास, फोम, अस्तर आणि वरून चेनची पट्टी एवढं सगळं सोळा नंबरच्या सुईने सरळ जातं, हात लावायची गरज नाही, आणि गुडघ्याने मशीनचा कापड दाबणारा पाय उचलता येतो तो प्रकार तर मला आता घरच्या मशीनवर इतका आठवतो की तिथेही गुडघा हवेत मारते. दोन्ही हात कपड्यावर राहतात ना, कोपऱ्यात वळताना फार फरक पडतो. दिवसाला तीन वॉलेट व्हायची तिथे आता सात-आठ होतात.

पण किचेन! छोटीशी वस्तू म्हणून सगळ्यांना सोपी वाटते, आणि मशीनला सगळ्यात जास्त तीच रडवते. चार इंच रुंद पट्टी, तिला आतून फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटतं ते कडक अस्तर), चार घड्या घालून एक इंच करायची, दोन्ही कडांना टीप. इथपर्यंत ठीक. मग तीच पट्टी मधोमध दुमडून दोन टोकं एकत्र आणली की तिथे कापडाचेच आठ थर होतात, फ्यूजिंग वेगळं. पाय त्या उंचवट्यावर चढताना तिरका होतो, खालचे दाते पुढे ढकलतात पण वरचा थर मागे राहतो आणि टाके एकाच जागी साचतात. यावर मी आता काय करते, टोक आधी हातोडीने ठोकून चपटं करते (खाली जुनी पाटी ठेवून), पायाच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवते म्हणजे पाय सपाट राहतो, आणि तिथले पाच-सहा टाके चाक हाताने फिरवून घालते. मोटरवर नाहीच. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणाची दीडशे किचेनची ऑर्डर होती, तेव्हा हे चाक इतकं फिरवलं की रथसप्तमीपर्यंत उजवा खांदा धरलेला.

खणाबद्दल एक. खण कापला की कडेचे धागे लगेच सुटायला लागतात, त्यामुळे मी आधी फ्यूजिंग चिकटवते आणि मगच कापते, उलटं केलं की पट्टीची रुंदी कापता कापताच कमी होते. इस्त्री थेट लावली तर चकाकी येते, ओला पंचा मध्ये ठेवा. आणि या मशीनला झिगझॅग नाही हे लक्षात असू द्या, फक्त सरळ टीप, म्हणून जुनी ऑटोमॅटिक गिअर बदलून ठेवलीय ती कडा मारायला.

रेक्झिनचं मात्र या मशीनवर माझं जमलं नाही. साध्या पायाला रेक्झिन चिकटतं, टेफ्लॉनचा पाय घेतला त्याने बरंच बरं झालं पण वरचा थर सरकतो तो सरकतोच. त्यात रेक्झिन उसवलं तर भोकं तशीच राहतात, म्हणजे एक चूक झाली की तुकडा गेला. त्या कामाला वॉकिंग फूटवाली, म्हणजे वरचा पायही कापड पुढे सरकवतो अशी मशीन लागते आणि तिची किंमत ऐकून मी रेक्झिन बंद केलं.

वॉलेटच्या मापाचं मशीनशी काही देणंघेणं नाही पण सांगतेच. पासपोर्ट 125 बाय 88 मिलीमीटर असतो, मी कप्पा त्या हिशोबाने थोडीच ढिलाई ठेवून कापायचे. ऑक्टोबरमध्ये एका काकूंनी मुलाकडे अमेरिकेला जायचं म्हणून दोन घेतली आणि फोन आला की काकांचा पासपोर्ट जातच नाही. त्यांचा 60 पानी होता, आणि व्हिसावाला जुना पासपोर्ट त्याच्यासोबत लागतो म्हणून दोन्ही एकाला एक रबरबँडने बांधलेले. आता मी कप्प्याला खाली चुणी देते, दोन पासपोर्ट आरामात बसतात, आणि तेच डिझाईन सगळ्यात जास्त जातंय.

देखभालीत तेल महत्त्वाचं. खाली ट्रे असते, तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. चार दिवस मशीन बंद राहिली की पहिल्या वीतभर शिवणीला तेलाचा थेंब येतो, माझा एक पांढरा कॅनव्हास असाच गेला, तेव्हापासून सकाळी आधी चिंधीवर टीप मारून मग कामाला बसते. सुई दर सोमवारी बदलते, मोडायची वाट बघत नाही. पावसाळ्यात सुईखालच्या पट्टीवर गंज धरतो, रात्री तेलाचं फडकं फिरवून ठेवा.

आणि हो, वजन. मशीनचं नुसतं डोकंच (टेबलावरचा भाग) पंचवीस-तीस किलोच्या घरात, टेबल चार फुटी. आमची लिफ्ट छोटी, जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवायला दोन माणसं लागली आणि वळणावर भिंतीचा पोपडा गेला तो अजून तसाच आहे. घेण्याआधी दाराचं माप घ्या.

परवा पहिल्यांदा डोकं मागे कलंडवून ट्रे पूर्ण साफ केली. काळ्या तेलात मोडलेल्या सुयांचे तीन तुकडे, मूठभर लिंट, आणि डिसेंबरमध्ये मी अख्खं घर ज्याच्यासाठी पालथं घातलं होतं तो पाच नंबर चेनचा सोनेरी रनर!