कॉपीसाठी कोणतं घ्यावं: दाव्हीदचा सॉक्रेटिस की अँग्रची पाठमोरी?

तैलरंग शिकायचे म्हणून एखादं नवअभिजात (जुन्या ग्रीक-रोमन कलेच्या वळणाचं) मनुष्यचित्र उतरवायला घ्यायचं, इथवर ठरलं असेल तर पुढचा प्रश्न माझ्यापुढेही होता. एकीकडे फ्रेंच चित्रकार दाव्हीदचं १७८७ सालचं 'सॉक्रेटिसचा मृत्यू', दुसरीकडे त्याचाच शिष्य अँग्र याचं १८०८चं 'व्हालपँसाँ बेदर', म्हणजे न्हाणारी बाई. दोन्हींवर हात चालवून झालाय, म्हणून हे लिहितोय.

वरवर पाहता अँग्र सोपा. एकच बाई, तीही पाठमोरी. चेहऱ्याची भानगड नाही. डावीकडे हिरवट पडदा, डोक्याला पट्ट्यापट्ट्यांचा रुमाल, की झालं. सॉक्रेटिसच्या कोठडीत मात्र डझनभर माणसं, प्रत्येकाचे हात वेगळ्याच दिशेला, आणि मूळ चित्र जवळजवळ दोन मीटर रुंद. पण इंटरमीजिएटपर्यंत चित्रकला झालेल्याला चौकटी टाकून रेखाटन उतरवणं जड नाही. वेळ जातो, एवढंच.

माझं घोडं अडलं ते त्या पाठीवर. मानेपासून कंबरेपर्यंत ना घडी, ना ठळक सावली. सगळा खेळ अगदी जवळजवळच्या मधल्या टोनांचा. हे ओल्यात ओलं मिसळूनच जमतं, म्हणजे एका बैठकीत. आमची बैठक रात्रीच्या जेवणानंतरची. ती मोडली की दुसऱ्या दिवशी सांधा दिसतो. पावसाळ्यात तर विचारू नका: रंग ना ओला ना वाळलेला, ब्रश फिरवला की खालचा थर उचलून येतो. पूर्ण वाळू द्यावा तर तो मलूल पडतो, आणि कालची छटा आज जुळत नाही. तेलाचा पातळ हात फिरवल्यावर रंग पुन्हा उजळतो खरा, पण सांधा काही जात नाही. पंख्यासारख्या पसरट फॅन ब्रशने घोटत बसलं की पाठ रबरी होते. त्यात आपल्या ट्यूबमधला टिटॅनियम व्हाइट हा विसाव्या शतकातला. अँग्रकडे शिशाचा पांढरा होता, तो कमी झाकतो. टिटॅनियम जरासा जास्त पडला की त्वचा पिठूळ दिसते.

दाव्हीदकडे प्रत्येक गोष्टीला काठ आहे. सॉक्रेटिसला विषाचा प्याला देणाऱ्या तरुणाचा लाल झगा जिथे संपतो तिथे थांबायचं, ब्रश धुवायचे, झोपायचं. दुसऱ्या रात्री पलंगाच्या पायथ्याशी बसलेला प्लेटो. (खरं तर प्लेटो तेव्हा तिथे नव्हता, आणि वय तिशीच्या आतलं, दाव्हीदने त्याला म्हातारा करून बसवलाय आणि त्याच्या बैठकीच्या दगडावर स्वतःची आद्याक्षरं टाकलीत. कॉपीत ती उतरवू नयेत, हे ओघाने आलंच.) मागची करडी भिंत अंबर या मातकट तपकिरी रंगावर भागते, आणि अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो दमट हवेतही त्यातल्या त्यात लवकर वाळतो. लाल रंगाची तर शिकवणीच: कडेच्या माणसांच्या अंगावर दबलेला, प्याला देणाऱ्याच्या अंगावर सर्वांत जिवंत. चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात फुकट मिळतं. पायाच्या नखांपर्यंत जाऊन पाहता येतं.

तुमची हवा कोरडी असेल, अख्खा रविवार सलग मिळत असेल आणि त्वचाच शिकायची असेल, तर अँग्र जरूर घ्या. पोर्ट्रेट केलेल्यांना कदाचित तोच बरा वाटेल. पहिल्यांदाच तेलात उतरणाऱ्याला मात्र मी सॉक्रेटिसकडेच पाठवीन. सगळं चित्र डोईजड वाटलं तर सॉक्रेटिस, प्याला देणारा आणि सॉक्रेटिसच्या मांडीवर हात ठेवून बसलेला त्याचा मित्र क्रायटो, एवढा मधला तुकडा अडीच फुटी कॅनव्हासवर घ्या. त्याहून लहान घेतला तर हातांची बोटं रंगवताना ब्रशच जाड पडतो.