भिगवणची होडी की नांदूरमध्यमेश्वरचा टेलिस्कोप?

हिवाळ्यात एकच रविवार मोकळा आहे आणि पाणपक्षी बघायचेत, तर भिगवणला जावं की नांदूरमध्यमेश्वरला, असं दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. दोन्हीकडे माझ्या तीन-चार खेपा झाल्यात, दोन्हीकडे गावातलाच गाईड घेऊन. गाईड घ्यावा की नाही यावर मी वाद घालत नाही, घ्यावा.

पुण्याहून भिगवण शंभरेक किलोमीटर. पहाटे निघालं की कोवळ्या उन्हात होडीत बसता येतं. नांदूर नाशिककरांच्या हाताशी. पुणेकरांनी मुक्कामाच्या तयारीनेच जावं. आणि रोहितच (फ्लेमिंगो) बघायचा हट्ट असेल तर सरळ भिगवण गाठा, फक्त घाई करू नका. तिथलं उजनी धरणाचं पाणी उतरून उथळ चिखलपट्टी उघडी पडली की रोहित तिथे चोच उलटी करून चरायला उतरतात. भरपूर पाऊस झालेल्या एका वर्षी आम्ही डिसेंबरातच पोचलो, तर धरण तुडुंब आणि रोहितांचा पत्ता नाही.

भिगवणकडचे बरेचसे गाईड मूळचे मासेमार. पाणी कुठे किती खोल, ऑस्प्रे हा शिकारी पक्षी मासा घेऊन कुठल्या वाळक्या खोडावर बसतो, हे त्यांना पाठ असतं. त्या ज्ञानाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार होडीबद्दल आहे. हलत्या होडीत टेलिस्कोप टिकत नाही, म्हणून जवळ जावं लागतं. आणि जवळ गेलं की पक्षी उठतात. एकदा पट्टकदंब हंसांचा थवा काठाशी निवांत बसला होता. शेजारच्या होडीतल्या कुणाला तरी उडतानाचा फोटो हवा होता. नावाड्याने होडी थेट थव्याकडे घातली आणि बघता बघता काठ मोकळा. हिमालय ओलांडून आलेला पक्षी, त्याला इथे येऊन दोन घटका बसताही येऊ नये? नावाड्याला तरी काय बोलणार. गिऱ्हाईक मागतं ते तो देतो. पण आम्ही उरलेली सकाळ रिकाम्या चिखलाकडे बघत काढली, आणि माझं मन तिथेच उतरलं.

नांदूरला असं होत नाही, निदान माझ्या वाट्याला आलेलं नाही. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या जुन्या बंधाऱ्यात वर्षानुवर्षं गाळ साठला, त्यातून बेटं आणि दलदल तयार झाली. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ते हेच. तुम्ही काठावर किंवा मनोऱ्यावर, पक्षी आपल्या जागी. गाईड तिवईवर टेलिस्कोप रोखतो, "या, बघा पटकन," म्हणतो, आणि भिंगात जांभळी पाणकोंबडी पायाच्या बोटांत देठ धरून कुरतडताना दिसते. तिला तुमचा पत्ताही नसतो. आमच्या गाईडने शिकवलेली एक खूण अजून कामी येते: वारकऱ्यांची (पंढरीचे नव्हेत, पाण्यातले काळे) एकाएकी पळापळ झाली की पाण्यात न बघता वर बघायचं. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी हमखास घिरट्या घालत असतो.

उणिवा आहेतच. पक्षी लांब असतात, मोबाइलवर फोटो म्हणजे ठिपके. टेलिस्कोप एक आणि डोळे दहा, त्यामुळे रांग लागते. उन्हं चढली की हवा थरथरायला लागते आणि दूरचं बदक थापट्या की तलवार, यावर पैजा लागतात. लहान मुलं तासाभरात कंटाळतात. होडीत ती खूश असतात.

भिगवणला गेलातच तर बसण्याआधीच सांगून ठेवा, थवा उडवायचा नाही. नंतरच्या खेपेला मी सांगितलं, तेव्हा नावाड्याने लांबूनच इंजिन बंद केलं आणि बांबूने रेटत होडी नेली. रोहित चरत राहिले. ती सकाळ सुरेखच होती. तरी यंदाचा रविवार मी नांदूरसाठीच राखून ठेवलाय.